पांढरी बट आणि बहिरा कान

कान ऐकतो तो कशाच्या बळावर, असें विचारलें तर पडदा, हाडें आणि मज्जातंतु यांचीं नांवें आपण सहज घेऊं. रंगाचें नांव कोणी घेणार नाहीं. जेथें उजेडाचा कवडसाही पोंचत नाहीं तेथें रंगाचें काय काम? परंतु त्वचेला व केसांना काळेपणा देणाऱ्या रंगपेशी अंतःकर्णांतही आहेत, आणि तेथें त्या नसल्या तर कान बहिरा राहतो. हें कळावयास शंभराहून अधिक वर्षें लागलीं.

आरंभ मांजरापासून झाला. निळ्या डोळ्यांचीं मांजरें बहिरीं असतात, असें डार्विननें १८५९ सालच्या आपल्या ग्रंथांत नमूद केलें. पुढील आवृत्त्यांत तें विधान त्यानें थोडें सैल केलें. पण डोळ्याच्या रंगाचा कानाशीं संबंध काय, हें कोडें त्यालाही सुटलें नाहीं. माणसांतील हकीकत १९५१ सालची. वार्डेनबुर्ख या डच नेत्रवैद्यानें दाखविलें कीं कपाळावर पांढरी बट, दोन डोळ्यांचे निराळे रंग, डोळ्यांचे आंतले कोपरे दूर सरकलेले आणि जन्मतः बहिरेपण हीं लक्षणें एकाच कुळांत चालतात. सारीं एकाच व्यक्तींत असतातच असें नाहीं; आजीला नुसती बट असावी, आणि नातवाला बहिरेपण यावें.

याच सुमारास बेकेशी या शास्त्रज्ञानें अंतःकर्णाच्या शंखाकृति नळींतील द्रवांत विजेचा दाब मोजला. तो सुमारें ८० मिलिव्होल्ट, म्हणजे विजेरीच्या साध्या सेलच्या विसाव्या हिश्श्याहून थोडा अधिक, असतो. गच्चीवरच्या टांकींत पाणी चढवून ठेवावें तसा हा प्रकार आहे. नाद आला कीं संवेदक पेशींचीं दारें उघडतात आणि द्रवांतील पोटॅशियम त्या दाबानें आंत धांवतें. टांकी भरणारें यंत्र म्हणजे नळीच्या भिंतीवरील रक्तवाहिन्यांची पट्टी. आणि तिच्यांतील मधल्या थराच्या पेशी याच रंगपेशी होत. १९८९ सालीं स्टील आणि बार्कवे या दोन संशोधिकांनीं उंदरांवर दाखविलें कीं पट्टींत या पेशी नसतील तर दाब जवळजवळ उत्पन्नच होत नाहीं.

येथें एक गैरसमज टाळला पाहिजे. जन्मतः पूर्ण पांढऱ्या वर्णाचीं माणसें सहसा बहिरीं नसतात. त्यांच्या पेशी जागेवर असतात. त्यांना रंग तेवढा बनवितां येत नाहीं. काम पेशीचें आहे, रंगाचें नव्हे.

आपल्या महाराष्ट्राचें नांव या इतिहासांत आलें तें १९८१ सालीं. मुंबईच्या डॉ. के. एन. शहा व सहकाऱ्यांनीं बारा बाळांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या कपाळावर पांढरी बट होती, आणि मोठ्या आंतड्याच्या लांब भागांत मज्जापेशीच नसल्यामुळें मल पुढें सरकत नव्हता. बट आणि आंतडें! ऐकणारा हंसेल, पण गर्भाच्या पाठीवरील एकाच कडेपासून निघून कांहीं पेशी त्वचेकडे, कांहीं कानाकडे, कांहीं आंतड्याकडे प्रवास करतात. प्रवास खुंटला कीं तिन्ही ठिकाणीं उणीव राहते. या प्रकाराला आज वार्डेनबुर्ख-शहा असें जोडनांव आहे. हिंदी वैद्याचें नांव रोगाला लाभण्याचे प्रसंग थोडेच, आणि हें नांव तर एका नोंदीच्या जोरावर मिळालें.

हें सारें दूरच्या प्रयोगशाळेचें वाटेल. परंतु पुसद वा वणीकडच्या एखाद्या घरीं पांढरी बट घेऊन मूल जन्मलें, तर नजर लागली किंवा दैवी खूण आहे एवढ्यावर न थांबतां त्याचा कान पहिल्या महिन्यांतच तपासून घ्यावा. यवतमाळास १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा मुलांचा श्रवणतंतु बहुधा शाबूत असतो, म्हणून त्याला थेट विजेचे संकेत पोंचविणारें कानांत बसवावयाचें यंत्र पुष्कळदां उपयोगी पडतें. मात्र बोली शिकण्याचीं पहिलीं दोन-तीन वर्षें हातचीं गेलीं, कीं त्याच यंत्राचा उपयोग बराच उणा होतो.