अग्निबाणावरील कॅमेरा

प्रक्षेपणाच्या वेळी अग्निबाणावर बसवलेला आणि चढण, टप्प्यांची सुटका व उतरण टिपणारा कॅमेरा. दाब-कंपनांचे आकडे संवेदक देतात. पण सुटलेला बूस्टर मुख्य अग्निबाणाला न घासता दूर झाला का, हे डोळ्यांनी दिसण्याला तोड नाही. २००३ च्या ‘कोलंबिया’ यानाच्या दुर्घटनेनंतर इंधनटाकीवरील फेस निखळतो का, हे पाहण्यासाठी अमेरिकी स्पेस शटलच्या बूस्टरांवर कॅमेरे वाढवण्यात आले. सुमारे दोन मिनिटांनी, साधारण ४५ किमी. उंचीवर हे बूस्टर सुटत आणि हवाई छत्र्यांच्या आधाराने अटलांटिकमध्ये उतरत. तेथून ते परत आणले जात. त्यांची चित्रफीत या प्रकारातली सर्वांत विलक्षण म्हणावी लागेल : काळे आकाश, गरगरणारे क्षितिज, मग पाणी. याउलट, इस्रोच्या पीएसएलव्ही या अग्निबाणाचे बूस्टर समुद्रातून परत आणले जात नाहीत. इस्रोला चित्रे उड्डाणातूनच रेडिओलहरींनी मिळतात. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी १०४ उपग्रह नेणाऱ्या पीएसएलव्ही-सी३७ चे असे चित्रण प्रसिद्ध आहे.

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी मात्र विदर्भाने अग्निबाणाची उतरण जमिनीवरून पाहिली. आकाशातील जळते पट्टे नागपूरकरांनी मोबाइलवर टिपले. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात धातूचे मोठे कडे पडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी अग्निबाणाचा तो तिसरा टप्पा असावा, असे तज्ज्ञांचे मत आहे. वर्षभर कक्षेत निपचित फिरलेल्या अशा टप्प्याची अखेर नोंदवायला जमिनीवरचे कॅमेरेच उपयोगी पडतात.