लायब्ररी मिसेलनी

ग्रंथपालांसाठी बडोदे येथून प्रसिद्ध होणारे इंग्रजी, मराठी व गुजराती त्रैमासिक (१९१२–१९). ते तेथील लायब्ररी क्लबने चालविले. बडोदे संस्थानात १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे झाले. परंतु शाळा सुटल्यानंतर वाचन खुंटले, की अक्षरओळखही मावळते. हे जाणून सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डेन यांना पाचारण केले. ग्रामग्रंथालयांचा खर्च गावकरी, प्रांत-पंचायत व संस्थान यांनी समप्रमाणात सोसावयाचा होता. अनेक खेड्यांत ग्रंथालय शाळेतच भरे आणि शिक्षक हाच ग्रंथपाल असे. बॉर्डेन यांच्या बडोद्यातील प्रशिक्षणवर्गात अशा सर्वांनाच सामावून घेणे शक्य नव्हते. दूरच्या गावी एकट्याने ग्रंथसंग्रह सांभाळणाऱ्यास समव्यावसायिकांचा अनुभव हाच मुख्य आधार होय. तो इंग्रजीपुरता मर्यादित न ठेवता मराठी व गुजराती भाषांतूनही पोहोचविण्याचा प्रयत्न, हे या त्रैमासिकाचे वैशिष्ट्य. जनार्दन सखाराम कुडाळकर हे त्याचे संपादक होते; बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्रैमासिक बंद पडले. ग्रंथपालांची अखिल भारतीय संघटना त्यानंतर १४ वर्षांनी, १९३३ मध्ये, कलकत्ता येथे स्थापन झाली.