थरथरणारं इंजिन आणि कान देणारी माणसं



इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सनावळ्या असा आपला समज असतो. पस्तीस वर्षं शाळेत मीही बहुतेक तेच शिकवलं. पण एखादी गोष्ट माणसं ओळखायला कशी शिकली, याचाही इतिहास असतोच की. वैद्य नाडी कशी पाहत आले, शेतकरी आभाळ कसं वाचत आला, तसा. आज अशाच एका ओळखीबद्दल लिहितो आहे.

जुनी मोटार सिग्नलला उभी राहिली की थरथरू लागते. स्टिअरिंग हाताला हादरे देतं, आरशातली मागची गाडी दोन-दोन दिसते, आणि ॲक्सिलरेटर दाबला की सगळं कसं शांत! गॅरेजच्या भाषेत 'आयडलिंग बिघडलंय' किंवा 'गाडी मिसिंग करतेय'. हा आजार माणसं कशी ओळखत आली, त्याची ही हकीकत.

आधी शब्दाबद्दल. इंग्रजीत आयडल म्हणजे रिकामा, बिनकामाचा. पण इंजिनाची खरी परीक्षा अशा रिकामपणातच होते. मिनिटाला ८०० फेरे धरा. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे मिनिटाला एकूण १६०० स्फोट, सेकंदाला सत्तावीसेक. त्यातला एक सिलिंडर गप्प बसला तर सेकंदाला सहा-सात ठोके चुकतात. गाडी वेगात असताना फिरत्या चाकांचा जोर हे चुकणं झाकून टाकतो. उभ्या गाडीत मात्र इंजिनाला हवा आणि पेट्रोल जेमतेम जगण्यापुरतं मिळत असतं, त्यामुळे बारीकशी उणीवही लपत नाही.

इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: पेट्रोल-हवेचं योग्य मिश्रण, वेळेवर पडलेली ठिणगी आणि सिलिंडरमधला दाब. यातल्या पहिल्या दोन आजच्या रूपाला यायला बरीच डोकी खर्ची पडली. पेट्रोलचा बारीक फवारा उडवणारा कार्बोरेटर १८९३ च्या सुमारास आला. जर्मनीत विल्हेल्म मायबाख आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका हे त्यावर स्वतंत्रपणे काम करत होते. १९०२ साली बॉश कंपनीत गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याचा स्पार्क प्लग तयार केला. पुढे बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांवर चालणारी पद्धत अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी रूढ केली. १९१० च्या सुमारास ती कॅडिलॅक गाड्यांत दिसू लागली. हे केटरिंग ओहायोतल्या शेतकऱ्याचे चिरंजीव, आणि इंजिनिअर होण्याआधी काही काळ खेड्यातल्या शाळेत शिक्षक! आमच्याच बिरादरीतले, म्हणून मला त्यांचं जरा जास्त कौतुक.

आता आपल्याकडे येऊ. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. १९७४ साली तीच 'प्रीमियर पद्मिनी' झाली. तिचं इंजिन १०८९ सीसीचं. इटलीत फियाटने १९३७ साली काढलेल्या ११०० गाडीचा आकडाही हाच. म्हणजे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या बॉनेटखाली दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या घराण्याचं इंजिन होतं, आणि केटरिंगमास्तरांचे पॉइंटही.

असल्या गाडीचा आजार ओळखायची शाळा म्हणजे रस्त्याकडेचं गॅरेज. १९९३ साली मी एक जुनी पद्मिनी घेतली. शिक्षकाच्या पगारात 'हा पार्ट बदलून बघू, नाहीतर तो बदलू' हे परवडणारं नव्हतं. सुदैवाने मला मिस्त्री मिळाले ते आधी विचार करणारे. शाळा चौथीपर्यंत झालेली. सही इंग्रजीत करायचे, बाकी सगळं तोंडी.

त्यांची रीत मी अनेकदा बाजूला उभं राहून पाहिली. आधी हत्याराला हातच लावायचे नाहीत. इंजिन चालू ठेवून मडगार्डवर तळवा टेकायचे आणि ऐकायचे. ठोका ठरावीक अंतराने चुकतोय की कसाही? ठरावीक असेल तर एकच सिलिंडर आजारी. कसाही असेल तर दुखणं चौघांचं सामाईक.

मग एकेका प्लगची वायर काढायची. (चिमट्याला रबर गुंडाळून हो, नाहीतर असा करंट बसतो की माणूस मागे फेकला जातो!) वायर काढल्यावर इंजिन आणखी लडखडलं तर तो सिलिंडर कामाचा. काहीच फरक पडला नाही, तर तो आधीपासूनच गप्प होता. वर्गात चार मुलं प्रार्थना म्हणत असतील आणि एकजण नुसता ओठ हलवत असेल, तर तो कसा शोधाल? एकेकाला थांबवून बघाल. तेच हे!

गप्प सिलिंडर सापडला की त्याचा प्लग शेजाऱ्याला द्यायचा आणि शेजाऱ्याचा त्याला. दुखणं प्लगबरोबर सरकलं तर दोष प्लगचा. जागेवरच राहिलं तर वायर बघा, टॅपेट बघा, दाब बघा. काढलेला प्लग ते उन्हात धरून वाचत. बिस्किटी रंग म्हणजे तब्येत उत्तम. काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढराफट्ट म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. ओला तेलकट म्हणजे आतून ऑइल वर येतंय. इतिहासात आम्ही याला अस्सल साधन म्हणतो. बखर पदरचं सांगेल, पण त्या काळचा हिशेबाचा कागद सहसा खोटं बोलत नाही.

दुखणं चौघांचं असेल तर चोक किंचित ओढून बघत. इंजिन सुधारलं तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. एकतर बारीक जेट तुंबलाय, नाहीतर कार्बोरेटरखालचं पॅकिंग हवा घेतंय. पॅकिंगची ही फट मोठी फसवी. उभ्या गाडीत इंजिन मुळात हवाच थोडी घेतं, त्यामुळे फटीतून शिरणारी चोरटी हवा मोठा वाटा खाते. रेस दिली की तीच हवा एकूण हवेत नगण्य होते आणि दुखणं नाहीसं झाल्यासारखं वाटतं. आणि कार्बोरेटरच्या स्क्रूला हात सर्वात शेवटी. "मास्तर, आधी करंट बघायचा, मग पेट्रोल. स्क्रू फिरवून दुखणं दबतं, जात नाही," हे त्यांचं वाक्य मी नंतर दहावीच्या वर्गातही वापरलं. गाइड पाठ करून नापास होणं टळतं, विषय येत नाही, या अर्थाने!

ही विद्या मागे पडली ती मुळात धुरामुळे. त्यासाठी पुन्हा अमेरिकेत जायला हवं. लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरवणारं धुरकं साचत असे. मोटारींच्या धुरातल्या वायूंवर ऊन पडून ते तयार होतं, हे आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात दाखवलं. पुढे कायदे आले, आणि १९७५ च्या सुमारास गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले. या यंत्राच्या दोन अटी: पेट्रोलमध्ये शिसं नको, आणि मिश्रण अगदी काटेकोर हवं, वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा. गंमत अशी, की पेट्रोलमध्ये शिसं घालायचा शोध १९२१ साली लागला तो केटरिंग यांच्याच हाताखाली, थॉमस मिजली यांच्याकडून. आणि इतका काटेकोरपणा साध्या कार्बोरेटरच्या आवाक्याबाहेरचा होता. १९७६ साली बॉशचा ऑक्सिजन मोजणारा सेन्सर व्होल्वो गाडीत आला, आणि मिश्रणाचा हिशेब कॉम्प्युटरकडे गेला.

आपल्याकडे ही लाट सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ सालच्या आदेशाने आली. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल झालं. गाड्यांच्या पाठीवर 'एमपीएफआय' अशी अक्षरं मिरवू लागली. पद्मिनीचं उत्पादनही त्याच सुमारास थांबलं.

मग मिस्त्रींची रीत फुकट गेली का? मागच्या वर्षी पुतण्याची पंधरा वर्षं जुनी गाडी अशीच थरथरू लागली. गॅरेजमधल्या तरुण पोराने स्कॅनर लावला. त्यावर कोड आला 'पी ०३०२', म्हणजे दुसरा सिलिंडर मिसफायर. हे यंत्राला कसं कळतं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "सर, क्रँकच्या चाकाला दाते असतात. ठोका चुकला की क्रँक क्षणभर मंदावतो. कॉम्प्युटर तेवढं मोजतो." म्हणजे मडगार्डवरचा तळवा जे टिपत होता, तेच! पण कोडने कोण आजारी ते सांगितलं, का ते नाही. पोराने दुसऱ्याची कॉइल तिसऱ्याला लावली, कोड पुसला आणि गाडी चालवली. कोड आला 'पी ०३०३'. दुखणं कॉइलबरोबर सरकलं होतं. दोष कॉइलचा. त्या पोराने पद्मिनी कधी उघडलेली नाही, पण अदलाबदल करून बघायची रीत तीच.

टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांत गाडीचे फोटो भरपूर आले. तिला साठ वर्षं चालती ठेवणाऱ्या हातांबद्दल फार थोडं आलं. कारखान्याचा इतिहास कागदोपत्री राहतो, मालकांची चरित्रं निघतात. पण चोक ओढल्यावर काय ऐकायचं, प्लगचा कोणता रंग काय सांगतो, हे आपल्या भाषेत कुठे नीट लिहिलेलं मला सापडलं नाही. ते तोंडीच आलं, आणि आता त्या माणसांबरोबर जात आहे. माझे मिस्त्रीही आता नाहीत. मला आठवलं तेवढं वर लिहून ठेवलं आहे.

तुमच्यापैकी कुणाचे वडील, काका, मामा गॅरेजमध्ये किंवा टॅक्सीवर असतील तर त्यांना विचारा, आणि आपापल्या ब्लॉगवर लिहा. पॉइंट घासायला काय वापरायचे, गेज नसताना प्लगचा गॅप कशाने मोजायचे, (आमचे मिस्त्री हॅकसॉ ब्लेडने मोजत!) काहीही चालेल. लिहिलंत की मला जरूर कळवा.