बोअरवाले, सुकडीवाले, मस्टरवाले

जालन्यात माझ्या मामांच्या बैठकीतली मंडळी एकमेकांना नावानं क्वचितच हाक मारतात. बोअरवाले, सुकडीवाले, मस्टरवाले. बहात्तरच्या दुष्काळात ज्याच्या वाट्याला जे काम आलं, ते त्याला जन्मभर चिकटलं. पुढे कुणी जिल्हा परिषदेत लागलं, कुणी मास्तर झालं, कुणी त्र्याण्णवच्या भूकंपानंतर एखाद्या संस्थेबरोबर किल्लारीला जाऊन पत्रे उभारून आलं. तरी ओळख तीच. मामा बोअरवाले.

महिन्यातून एकदा कुणाच्या तरी ओट्यावर ही माणसं जमतात. आधी बातम्या. कुणाचा मोतीबिंदू काढला, कुणाची पेन्शन कुठल्या टेबलावर अडकली, कुणाच्या नातवाला पुण्यात नोकरी लागली. कोण गेलं ही बातमी खरं तर सगळ्यांना फोनवर आधीच कळलेली असते. तरी ती पुन्हा सांगायची रीत आहे. "तो नव्हता का, अंबडच्या कामावर मुकादमाशी भांडला होता तो?" एवढं झालं की दुष्काळ सुरू. या मंडळींचा इतिहास असा मयताच्या बातमीतून आत शिरतो. त्याला सनावळी नसते आणि दर वेळी तो वेगळ्या टोकाकडून येतो.

पुस्तकात तो दुष्काळ सरळ आहे. सलग पावसानं दगा दिला, विहिरी आटल्या, सरकारनं कामं काढली आणि मे १९७३ मध्ये राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं त्या कामांवर होती. पुढे यातूनच रोजगार हमीचा कायदा झाला. मस्टरवाल्यांसाठी मात्र हे ५० लाख म्हणजे हजेरीपटावरची नावं. पाझर तलावाच्या बांधावर उन्हात बसून ते हजेरी घेत. बायका स्वतःचं नाव सांगायला लाजत, मग 'अमक्याची मंडळी' एवढंच लिहिलं जाई, आणि पगाराच्या दिवशी एकाच नावाच्या चार मंडळी पुढे येत. सुकडीवाल्यांना आकड्यांत रस नाही. त्यांना आठवतो तो वास: पीठ, गूळ, तेल. सुकडी वाटताना पोरांच्या हाताकडे बघायचं, तोंडाकडे नाही, असं त्यांना कुणीतरी शिकवलं होतं. तोंडाकडे पाहिलं की माप चुकतं. मिलो ज्वारीच्या लाल भाकरीवरून मात्र त्या दोघांचं आजही जमत नाही. एकाला ती गळ्याखाली उतरत नसे, दुसरे म्हणतात, "उतरली म्हणून बसलाय इथं."

मामा विशीत बोअरच्या गाडीवर हेल्पर म्हणून चढले. जालन्याच्या स्कॉटिश मिशननं साठच्या दशकातच या भागात बोअर घ्यायला सुरुवात केली होती. १९६७ साली बिहारच्या दुष्काळात युनिसेफनं कठीण खडक फोडणारी यंत्रं आणली, आणि मग महाराष्ट्रातही ती फिरू लागली. आपल्या काळ्या पाषाणात विहीर खणायची म्हणजे सुरुंग, टिकाव आणि महिने. या यंत्रात हवेच्या दाबावर चालणारा हातोडा पाइपाच्या टोकाला बसून थेट भोकात उतरतो. तीच हवा खडकाचा चुरा वर फेकते. आधी कोरडी राखाडी धूळ. मामांच्या पापण्या, कान, डब्यातली भाकरी, सगळं त्याच रंगाचं. मुरूम गेला, कठीण थर लागला की आवाज बदलतो. मग धूळ ओलसर येते, मग चिखल, आणि पाणी लागलं तर हवेबरोबर ते वर उसळतं. पाणाड्यानं नारळ ठेवलेल्या जागी पाणी लागलं तर श्रेय पाणाड्याचं. फुफाटा निघाला तर गाडीवाल्यांचा पायगुण वाईट. यावर मामा अजून चिडतात.

पण त्यांची खरी गोष्ट पाणी लागल्यानंतर सुरू होते. मला विचाराल तर मदतकार्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी नेमका हाच भाग सोडलाय. बोअरवर बसवायचे बिडाचे पंप परदेशी शेतघरांसाठी बनलेल्या पंपांची नक्कल होते. तिथं एक कुटुंब दिवसातून चार बादल्या काढणार. इथं पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव दांड्याला लटकलेलं. १९७४ च्या पाहणीत दिसलं ते असं, की बसवलेल्या पंपांपैकी पाऊण हिस्सा बंद. म्हणजे भोक होतं, खाली पाणी होतं, आणि बाई घागर घेऊन पुन्हा मैलभर चालत होती.

तोड मुंबई-दिल्लीत सुचली नाही. जालना, सोलापूर अशा ठिकाणच्या मिशन आणि संस्थांच्या वर्कशॉपांत लोखंडी पंप घडत होते. दांडा एकाच खिळीवर फिरणारा, आणि दांड्यापासून सळईपर्यंत साखळी, त्यामुळे सळई तिरकी न ओढता सरळ वर येते. सोलापूरचा पंप त्यातला सगळ्यात टिकाऊ निघाला. त्यावरून भारत सरकार, युनिसेफ आणि रिचर्डसन अँड क्रूडास कंपनी यांनी मिळून 'इंडिया मार्क टू' तयार केला. अट अशी की लहान कारखान्यालाही तो बनवता यावा. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत असे ५० लाख हापसे बनले होते. पुन्हा ५० लाख! मस्टरवाल्यांनी हे ऐकून हात जोडले.

हापसा बसवणं सोपं. बिघडला तर पाइप वर काढायला घोडा म्हणजे तिपाई, साखळदंड आणि पाच-सहा माणसं लागत. म्हणून गावात एक देखरेख करणारा, तालुक्याला मिस्त्री, जिल्ह्याला गाडी अशी व्यवस्था आली. मामांच्या मते गावात पाना द्यायचा तो बाईच्या हातात. पुरुष पाना विकतो किंवा हरवतो, बाईला रोज पाणी भरायचं असतं.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, तेव्हा ओट्यावर टीव्ही बाहेर आणून ठेवला होता. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. सुकडीवाल्यांना गहिवरून आलं. मामांनी विचारलं, "वाटप कसं करणार?" आता पुतण्याच्या शेतात बोअर शेकडो फूट खाली गेलीय, मोटर रात्रभर ओढते आणि शेजारचा जुना हापसा कोरडा पडलाय, हे त्यांना ठाऊक होतं. या टंचाईत आपलाही हात आहे का, हा प्रश्न त्या दिवशी कुणीतरी काढला. अर्धा तास वाद झाला, चहा दोनदा आला आणि काहीच ठरलं नाही.

अलीकडची मोठी बातमी युगांडाहून आली. मास्तर झालेल्यांचा नातू कामासाठी कंपालाला असतो. त्यानं आजोबांना गावातल्या पंपाचा फोटो पाठवला. तिकडे त्याला 'यू टू' म्हणतात, पण आहे तो आपल्या मार्क टूचाच वंश. फोन हातोहात फिरला. चष्मे पुसून झाले. मामांनी फोटो मोठा करून साखळी पाहिली आणि जाहीर केलं, ही जालन्याची. बैठकीत सासुरवाडीमुळे सोलापूरचे झालेले एक जण आहेत. त्यांनी तिथल्या तिथे हरकत घेतली. पुढच्या महिन्यात दोघं कागद घेऊन येणार आहेत.