वेल्श भाषा आंदोलन, १९६२
ब्रिटनच्या संयुक्त राज्याचा घटक असलेल्या वेल्समध्ये वेल्श भाषेच्या शासकीय मान्यतेसाठी १९६२ साली सुरू झालेले आंदोलन. भाषेचे भवितव्य केवळ घरात व प्रार्थनामंदिरात नव्हे, तर न्यायालयात, करवसुलीच्या कचेरीत व शाळेतही ठरते, ही जाणीव या वर्षी संघटित स्वरूपात व्यक्त झाली. त्यामुळे वेल्सच्या अर्वाचीन इतिहासात या वर्षास विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी : १५३६ च्या अधिनियमाने वेल्सचे इंग्लंडमध्ये विलीनीकरण झाले. त्यातील तरतुदीनुसार न्यायालयांची भाषा इंग्रजी ठरली आणि केवळ वेल्श जाणणाऱ्यास अधिकारपदे दुर्लभ झाली. तथापि विल्यम मॉर्गन याने १५८८ मध्ये बायबलचा संपूर्ण वेल्श अनुवाद प्रसिद्ध केल्याने भाषेला धर्मजीवनात भक्कम आधार लाभला. एकोणिसाव्या शतकात कोळसा व लोखंड या उद्योगांमुळे दक्षिण वेल्सची वस्ती झपाट्याने वाढली. प्रारंभी हे स्थलांतर वेल्शभाषक खेड्यांतून झाले. पुढे इंग्लंडमधून येणाऱ्यांचे प्रमाण वाढत गेले. शाळांचे माध्यम मुख्यतः इंग्रजी होते. परिणामी १९११ च्या जनगणनेत ४३.५ टक्के (सु. ९,७७,०००) असलेले वेल्शभाषकांचे प्रमाण १९६१ मध्ये २६ टक्क्यांवर (सु. ६,५६,०००) आले.

याच सुमारास ट्रवेरिन खोऱ्याचा प्रश्न गाजत होता. लिव्हरपूल शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी हे खोरे जलाशयाखाली घेण्याचा अधिनियम ब्रिटिश संसदेने १९५७ मध्ये संमत केला. वेल्सच्या एकाही संसदसदस्याने त्याच्या बाजूने मत दिले नव्हते. केपल केलिन हे वेल्शभाषक खेडे त्यामुळे नष्ट झाले आणि १९६५ मध्ये जलाशयाचे उद्‌घाटन झाले. १९६२ मध्ये धरणाचे बांधकाम चालू होते. सनदशीर विरोधाच्या मर्यादा या प्रकरणाने तरुणांना दाखवून दिल्या.

ल्यूइस यांचे व्याख्यान : १३ फेब्रुवारी १९६२ रोजी सॉन्डर्स ल्यूइस (१८९३–१९८५) यांनी बीबीसीच्या वेल्श विभागाचे वार्षिक नभोवाणी व्याख्यान दिले. त्याचा विषय ‘भाषेचे भवितव्य’ हा होता. ल्यूइस हे श्रेष्ठ वेल्श नाटककार व समीक्षक आणि १९२५ मध्ये स्थापन झालेल्या प्लाइड कम्री या राष्ट्रवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक होत. पेनिबर्थ येथील वायुदलाच्या बाँबफेक प्रशिक्षण केंद्रास १९३६ मध्ये आग लावल्याबद्दल त्यांना कारावास झाला होता आणि स्वॉन्झी येथील प्राध्यापकी गमवावी लागली होती. जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होण्यापूर्वीच दिलेल्या या व्याख्यानात त्यांनी, हीच गती राहिल्यास एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी वेल्श ही जिवंत भाषा उरणार नाही, असे प्रतिपादन केले. उदाहरण म्हणून त्यांनी लॅनगेनेख येथील ट्रेव्हर व आयलीन बीझ्ली या दांपत्याचा दाखला दिला. कोळसा-खाणीत काम करणाऱ्या ट्रेव्हर व त्यांच्या पत्नीने १९५२ पासून केवळ इंग्रजीतील स्थानिक कराची मागणीपत्रे नाकारली. अनेकदा खटले झाले, घरातील सामान जप्त झाले. परंतु १९६० मध्ये अखेर द्वैभाषिक मागणीपत्र आले. वेल्शवाचून शासनव्यवहार चालणे अशक्य करावे आणि भाषेला स्वराज्याहूनही अग्रक्रम द्यावा, हे या व्याख्यानाचे सार होय.

परिणाम : ल्यूइस यांचा रोख मुख्यतः प्लाइड कम्रीकडे होता. तथापि निवडणुका लढविणाऱ्या पक्षास कायदेभंगाचा मार्ग अडचणीचा होता. म्हणून ऑगस्ट १९६२ मध्ये पोंटरदुलाइस येथील पक्षाच्या ग्रीष्मकालीन शिबिरात तरुण सदस्यांनी वेल्श भाषा संस्था स्थापन केली. तिची पहिली जाहीर निदर्शने २ फेब्रुवारी १९६३ रोजी ॲबरिस्टविथ येथे झाली. टपाल कचेरीवर भित्तिपत्रके लावून व ट्रेव्हेखन पूल रोखून निदर्शकांनी अटक ओढवून घेण्याचा प्रयत्न केला. वेल्शमधील समन्स मिळावे, हा त्यामागील हेतू होता. पोलिसांनी कोणासही अटक केली नाही, पण प्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधले गेले. याच वर्षी सर डेव्हिड ह्यूझ पॅरी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिने १९६५ मध्ये वेल्शला इंग्रजीइतकीच कायदेशीर ग्राह्यता देण्याची शिफारस केली. १९६७ च्या अधिनियमाने न्यायालयात वेल्श बोलण्याचा हक्क मिळाला. द्वैभाषिक रस्ताफलक, १९८२ मध्ये सुरू झालेली वेल्श दूरचित्रवाणी वाहिनी, १९९३ चा भाषा अधिनियम आणि २०११ मध्ये मिळालेला अधिकृत भाषेचा दर्जा हे पुढील टप्पे होत.

मूल्यमापन : १९६२ मध्येच दक्षिण वेल्समधील पाँटिप्रिदजवळ रिडवेलेन येथे त्या भागातील पहिली वेल्श माध्यमाची माध्यमिक शाळा सुरू झाली. तिची वार्ता ल्यूइस यांच्या व्याख्यानाइतकी गाजली नाही. पण इंग्रजीभाषक बनलेल्या औद्योगिक खोऱ्यांत नवे वेल्शभाषक घडविण्याचे काम अशा शाळांनी केले. २०२१ च्या जनगणनेनुसार वेल्शभाषक सु. ५,३८,००० म्हणजे १७.८ टक्के होते. भाषा नामशेष होण्याचे भाकीत खरे ठरले नाही, मात्र घट पूर्णपणे थांबलीही नाही. कायद्याने भाषेला प्रतिष्ठा व हक्क मिळवून दिले. परंतु तो हक्क बजावणारी पिढी घरातून व शाळेतूनच निर्माण व्हावी लागते, हे पुढील सहा दशकांच्या अनुभवाने स्पष्ट झाले.