गुडघ्याचं दुखणं मोजायचं कोणी?

सांधे दुखतात रुग्णाचे, पण त्या दुखण्यानं आयुष्य किती अडलं हे सांगायचा अधिकार कुणाचा? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. आज तो आपण थोडक्यात पाहू.

सुरुवात १९४९ पासून करू. अमेरिकेत स्टाइनब्रॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवाताच्या रुग्णांचे चार वर्ग पाडले. पहिल्या वर्गातला माणूस सगळी कामं करू शकणारा, तर चौथ्यातला अंथरुणाला किंवा चाकाच्या खुर्चीला खिळलेला. वर्ग ठरवायचे अर्थात डॉक्टर. पुढे १९५७ मध्ये इंग्लंडात केल्ग्रेन आणि लॉरेन्स यांनी एक्स-रे पाहून सांध्यांच्या झिजेला शून्य ते चार अशा श्रेणी दिल्या. पण आता गंमत बघा. एक्स-रेत झीज दिसते तो माणूस कधी कधी आरामात जिना चढतो, आणि ज्याचं चित्र बरं दिसतं त्याला रात्रभर झोप लागत नाही. म्हणजे हाड मोजलं गेलं, माणूस राहिला बाजूलाच.

हे चित्र १९८० साली बदललं. स्टॅनफर्डचे जेम्स फ्राइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. कपडे घालणं, उठणं, जेवणं, चालणं अशा आठ गटांत वीस प्रश्न. उत्तरं खुद्द रुग्णानं द्यायची: त्रास नसेल तर शून्य, मुळीच जमत नसेल तर तीन. त्याच वर्षी बॉस्टनच्या मीनन यांच्या गटाची मोजपट्टी आली, तिच्यात तर चिंता, उदासी आणि लोकांत मिसळणं हेही आलं. रुग्णाचा शब्द आता आकड्यात धरला जाऊ लागला.

पण शब्दाबरोबर घरही येतं ना! स्टॅनफर्डच्या प्रश्नावलीत टबात आंघोळ करता येते का, गाडीचं दार उघडता येतं का, असे प्रश्न होते. आता १९९६ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकारानं घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू झाली. तिथल्या आजीबाईंना टबाचं विचारून काय कळणार? त्यांची खरी अडचण उकिडवं बसण्याची, मांडी घालण्याची, खाली बसून उठण्याची. ते विचारलंच नाही, तर गुणांत ती अडचण उमटणारच नाही.

म्हणून भारतीय रुग्णांसाठी याच प्रश्नावलीचं बारा प्रश्नांचं रूप तयार झालं. २००२ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि त्यात उकिडवं बसणं आलं.

याला नुसता भाषांतराचा बारकावा समजू नका. औषधाचा गुण आला की नाही हे पुष्कळदा या आकड्यांवरूनच ठरतं. जे विचारलं जात नाही, त्यावर इलाजही शोधला जात नाही. तेव्हा पुढच्या वेळी कुठलाही गुणांक समोर आला, की आपण आधी विचारायचं: प्रश्न कुणाच्या घरात बसून लिहिले होते?