पिंजऱ्यातला धनेश, बोधचिन्हातला धनेश

१/ १९३३. ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’चे सुवर्णमहोत्सवी वर्ष. त्या वर्षी मुंबईतील या निसर्गसंस्थेचे बोधचिन्ह साकारले : महाधनेश. वाघ किंवा हत्ती नव्हे, धनेशच का? उत्तर एका विशिष्ट पक्ष्याच्या चरित्रात आहे.

२/ संस्था स्थापन झाली १५ सप्टेंबर १८८३ रोजी. आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते. निरीक्षणांची देवघेव करणे व जमवलेले नमुने परस्परांना दाखवणे, हा आरंभीचा हेतू. पशुपक्ष्यांचा नमुना म्हणजे त्या काळी बहुधा मारून, पेंढा भरून ठेवलेले कातडे.

३/ १८९४ साली कारवारहून महाधनेशाचे एक जिवंत पिल्लू भेट आले. नाव ‘विल्यम’. अपोलो स्ट्रीटवरील कार्यालयात मानद सचिवांच्या खुर्चीमागे त्याचा पिंजरा असे. केळी, उंबरासारखी रानफळे, जिवंत उंदीर, विंचू, सारे त्याला चाले. सुमारे ३० फुटांवरून फेकलेला टेनिसचा चेंडू तो चोचीत झेलत असे. १९२० मध्ये तो मरण पावला.

४/ १३ वर्षांनी तोच बोधचिन्ह झाला. प्रचंड चोच आणि तिच्यावरील शिंगासारखा उंचवटा, अशी ही आकृती रंगांवाचूनही ओळखू येते. १९६१ मध्ये ‘वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड’ने पांडा निवडला; त्यामागेही लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील ‘ची-ची’ होती. काळ्या-पांढऱ्या पांडाची छपाईही स्वस्त पडे. ही दोन्ही चिन्हे बंदिस्त प्राण्यांवरून घडली, हे विसरता येत नाही.

५/ आता खानदेश. १८८० च्या दशकात सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी येथे रानपिंगळ्याचे नमुने जमवले. १८८४ नंतर मात्र खात्रीची नोंद नाही. रिचर्ड मायनर्ट्झहागेन यांनी १९१४ ची म्हणून दाखवलेली नोंद खोटी ठरली : डेव्हिडसन यांचाच नमुना चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. शतकभर रानपिंगळ्याची ओळख मोजक्या कातड्यांपुरती उरली.

६/ नोव्हेंबर १९९७. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्याजवळ पामेला रासमुसेन व सहकाऱ्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. त्यानंतर ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’चे संशोधक सातपुड्यात उतरले. तोरणमाळ, पुढे जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य, येथे त्यांनी त्याचा शोध घेतला.

७/ नमुने दाखवण्यासाठी जमलेली संस्था आता जिवंत पक्ष्याच्या अधिवासाचा अभ्यास करत होती. चिन्ह तेच होते, कार्याची दिशा बदलली होती. बोधचिन्ह केवळ आकृती पुरवते; तिचा अर्थ संस्थेच्या कामातून ठरतो.